त्सावोचा पहारेकरी : कर्नल जॉन हेन्री पॅटरसन

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शिकार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य, उंच मचाण आणि चांदणी रात्र उभी राहते. रेल्वेचा रूळ काही उभा राहत नाही. पण जगातील एक अतिशय गाजलेली शिकार रुळाच्या कडेलाच झाली. ती राजेरजवाड्यांच्या हौसेखातर झाली नव्हती. रूळ टाकणाऱ्या मजुरांचे प्राण वाचावेत म्हणून झाली होती. ते मजूर बहुतांशी आपल्याच देशातून गेलेले होते. पूर्व आफ्रिकेतील त्सावो नदीच्या काठी १८९८ साली ही शिकार करणारा माणूस म्हणजे जॉन हेन्री पॅटरसन.

त्याच्या धाडसाची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. दोन सिंह, एक बंदूक आणि एक शूर साहेब, एवढ्यावर ती बहुधा संपते. परंतु चरित्र नीट वाचले की एक प्रश्न पडतो. पॅटरसन काही नवशिका नव्हता. हिंदुस्थानात त्याने वाघ मारले होते. मग दोन सिंह मारायला त्याला नऊ महिने का लागले? या प्रश्नाच्या उत्तरातच त्याच्या जीवनाचे खरे सार आहे, असे मला वाटते.

पॅटरसनचा जन्म १८६७ साली आयर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच तो ब्रिटिश सैन्यात शिरला आणि हिंदुस्थानात आला. येथे त्याला बांधकामाचा अनुभव मिळाला, हिंदुस्थानी भाषा बोलता येऊ लागली आणि शिकारीचा नाद लागला. या तीन गोष्टींची शिदोरी घेऊन १ मार्च १८९८ रोजी तो मोंबासा बंदरात उतरला. त्या वेळी ब्रिटिश सरकार मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सुमारे ९३० किलोमीटरचा लोहमार्ग बांधत होते. काम १८९६ साली सुरू झाले होते. रूळ मीटरगेज होते, हिंदुस्थानातल्यासारखेच. रूळ टाकणारे हातही हिंदुस्थानातलेच होते. कराचीहून बोटी भरभरून मजूर, गवंडी, सुतार, लोहार, भिस्ती आणि जमादार तिकडे गेले. पाच-सहा वर्षांच्या काळात सुमारे ३२,००० माणसे गेली आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तिकडेच मरण पावली. बहुतेक मृत्यू रोगराईने झाले. सिंहांच्या तोंडी पडलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. पण भीती अशी काही पसरली की काम बंद पडले.

पॅटरसनची नेमणूक मोंबासापासून १३२ मैलांवर त्सावो येथे झाली. तात्पुरत्या पुलावरून रूळ नदीपार गेले होते. त्याने नदीवर कायमचा पूल बांधायचा आणि दोन्ही बाजूंच्या मार्गाचे काम पुरे करायचे होते. भोवती माणसाला वाट न देणारी काटेरी झुडपे होती. तो येऊन थोडेच दिवस झाले होते, तोच एक-दोन मजूर नाहीसे झाल्याची बातमी आली. कोणी म्हणाले सिंहाने नेले. पॅटरसनला ते खरे वाटले नाही. पैशासाठी कोणी खून केला असावा असा त्याचा तर्क होता. पण काही दिवसांनी उंगनसिंग नावाच्या शीख जमादाराला तंबूतून, इतर माणसे शेजारी झोपलेली असताना, सिंहाने मानेला धरून ओढून नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅटरसनने माग काढला. जे पाहिले त्यानंतर संशयाला जागा उरली नाही. त्याच रात्री तो बंदूक घेऊन जमादाराच्या तंबूजवळच्या झाडावर जाऊन बसला.

सिंह आले, पण त्या तंबूकडे फिरकले नाहीत. अर्ध्या मैलावरच्या दुसऱ्या छावणीत आरडाओरडा झाला आणि आणखी एक माणूस गेला. पुढे हाच प्रकार महिनोन् महिने चालू राहिला. रुळाला लागून मजुरांच्या छावण्या मैलोगणती विखुरलेल्या होत्या. शिकारी बसणार एका ठिकाणी आणि सिंह जाणार दुसऱ्या. एकदा सिंहांनी दवाखान्याच्या तंबूत शिरून एका रोग्याला नेले. पॅटरसनने दवाखाना तातडीने दुसरीकडे हलवला, नव्या जागेला भक्कम काटेरी कुंपण घातले आणि आपण जुन्या जागेवर दबा धरून बसला. त्या रात्री सिंह नव्या दवाखान्यात शिरला आणि भिस्त्याला घेऊन गेला.

येथे रेल्वेजवळच्या शिकारीतली पहिली अडचण ध्यानात येते. अरण्यात शिकारी सावज शोधतो आणि भोवती माणूस नसतो. रुळाच्या कामावर चहूकडे माणसेच माणसे. अंधारात डोळ्याला काही दिसत नाही. गवतात खसखस झाली तर ते जनावर आहे की पाण्याला उठलेला मजूर आहे, हे कळत नाही. गोळी सावजाला लागली नाही तर पुढे कोणाच्या तंबूत जाईल याचा नेम नाही. म्हणून नुसते धाडस येथे कामाचे नव्हते. त्या काळात लष्करातले, आरमारातले, मुलकी खात्यातले अनेक हौशी शिकारीही त्सावोला येऊन रात्री जागवून गेले. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती सिंह लागला नाही.

पॅटरसनने मग रेल्वेच्याच सामानातून एक सापळा बनवला. रुळांचे तुकडे, लाकडी स्लीपर, तारायंत्राची तार आणि साखळ्या वापरून त्याने एक मोठा पिंजरा केला व त्याचे दोन भाग पाडले. मागच्या भागात माणसांनी आमिष म्हणून बसायचे, पुढच्या भागात सिंहाने शिरायचे, आणि तो शिरताच दार खाली पडायचे. मधे रुळांचे गज. लोकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पण डिसेंबरच्या आरंभी खरोखरच एक सिंह त्यात अडकला. आत बंदुका घेऊन शिपाई बसले होते आणि सिंह त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. पण भीतीने त्यांची बोबडी वळली. बऱ्याच वेळाने ते बार काढू लागले तेव्हा वाटेल त्या दिशेला काढू लागले. गोळ्या जवळच थांबलेल्या पॅटरसनच्या व त्याच्या सोबत्यांच्या अंगावरून सणसणत गेल्या. वीसहून अधिक बार झाले. त्यांतल्या एका गोळीने दाराचा गज तुटला आणि सिंह निसटला! कोणी माणूस मेला नाही हेच नशीब. घाबरलेल्या माणसाच्या हातातली बंदूक सिंहाइतकीच घातक असते, हे या एका रात्रीने दाखवून दिले.

दुसरा एक प्रसंग मालडब्यातला आहे. आपल्याकडे मालडब्याला वाघीण म्हणतात. पॅटरसन आणि रेल्वेचे डॉक्टर ब्रॉक रिकाम्या केलेल्या छावणीजवळ बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या एका वाघिणीत रात्री बसले. दाराचा खालचा भाग बंद आणि वरचा उघडा होता. काळोख दाट होता. मध्यरात्रीच्या सुमारास काही हालचाल जाणवली, तेव्हा पॅटरसनच्या मनात आले की खाली उतरावे आणि पलीकडच्या कुंपणात जाऊन बसावे. डॉक्टरांनी शहाणपणाने सुचवले की आहोत तेथेच बरे. थोड्याच वेळात एक काळी आकृती दाराकडे झेपावली. दोघांनी एकदम बार काढले. आवाजाने आणि उजेडाने सिंह वळला म्हणून दोघे वाचले. खाली उतरले असते तर ही कथा सांगायला कोणी उरले नसते.

याच्या उलट घडले ते १९०० सालच्या जूनमध्ये, त्याच लोहमार्गावरच्या किमा स्थानकात. तेथेही एक सिंह माणसे नेत होता. पोलीस अधिकारी रायल हे दोन सोबत्यांसह बाजूच्या रुळावर डबा उभा करून त्याची वाट पाहत बसले. पहारा रायल यांचाच होता. पण त्यांना झोप लागली. डब्याचे दार सरकते होते आणि ते उघडेच होते. सिंह आत शिरला, त्याच्या भाराने डबा कलला आणि दार मागे सरकून बंद झाले. सिंहाने रायल यांना उचलले आणि खिडकी फोडून नेले. डबा दोन्हीकडे होता, रूळ होता, बंदुकाही होत्या. त्सावोला दोघे जागे होते आणि खालचे दार लावलेले होते, एवढाच काय तो फरक.

त्सावोला १८९८ च्या १ डिसेंबरला मजुरांची सहनशक्ती संपली. आपण रेल्वे बांधायला आलो आहोत, सिंहांचे भक्ष्य व्हायला नव्हे, असे पॅटरसनला स्पष्ट सांगून शेकडो मजूर रुळावर आडवे झाले, त्यांनी येणारी गाडी थांबवली आणि तीत चढून ते मोंबासाच्या दिशेने निघून गेले. तीन आठवडे काम ठप्प झाले. जे मागे राहिले ते पाण्याच्या टाक्यांवर, छपरांवर, पुलाच्या तुळयांवर, झाडांवर झोपू लागले. काहींनी तंबूत खड्डे खणले व वर लाकडी ओंडके टाकून आत रात्र काढली.

माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीला ते हातात दिवा घेऊन मैलोन् मैल रूळ तपासत जातात. पुस्तकातला हा भाग मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी सिंहाविषयी काहीच विचारले नाही. त्या माणसांना नंतर पगार मिळाला का, एवढेच विचारले. पुस्तकात पगाराचा उल्लेख आहे. साध्या मजुराला महिना १२ रुपये आणि कसबी गवंड्याला ४५ रुपये मिळत. हा फरक मोठा असल्यामुळे काम न येणारेही गवंडी म्हणून भरती झाले होते. पॅटरसनने कामाप्रमाणे दाम अशी पद्धत लावली, तेव्हा काही मजुरांनी खाणीत त्याला ठार मारण्याचा बेत केला, असे तो लिहितो. ही हकीकत आपल्याकडे फक्त साहेबाच्या लेखणीतून आली आहे. मजुरांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. पॅटरसनचे चरित्र वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पहिला सिंह ९ डिसेंबर १८९८ रोजी मारला गेला. सकाळी सिंहाने नदीकाठी एक गाढव मारल्याची बातमी आली. पॅटरसनने मजुरांना पत्र्याचे डबे वाजवत एका बाजूने हाका करायला लावले व स्वतः दुसऱ्या बाजूला उभा राहिला. सिंह समोर आला, पॅटरसनने चाप ओढला, आणि बारच उडाला नाही! बंदूक दुसऱ्याकडून मागून आणलेली होती आणि पूर्वी वापरून पाहिलेली नव्हती. हाकाऱ्यांच्या गोंगाटाने सिंह गोंधळला म्हणून पॅटरसन बचावला. परके हत्यार आधी तपासल्याशिवाय सावजापुढे नेऊ नये, हा धडा त्या दिवशी त्याला मिळाला.

मेलेले गाढव तसेच ठेवून त्याने जवळ चार खांबांचे बारा फूट उंच मचाण बांधले. रात्री सिंह आला. पण गाढवाला सोडून तो शिकाऱ्याभोवतीच घिरट्या घालू लागला. दोन तास हा खेळ चालला. मधेच एक घुबड पॅटरसनच्या डोक्यावर येऊन आदळले. दचकून बार काढावा असाच तो क्षण होता. परंतु त्याने काढला नाही. सिंहाची आकृती स्पष्ट दिसेपर्यंत तो थांबला आणि मगच त्याने गोळी झाडली. सकाळी पाहिले तर सिंहाची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नऊ फूट आठ इंच भरली. त्याला छावणीत न्यायला आठ माणसे लागली. आयाळ मात्र जवळजवळ नव्हती. त्सावोचे सिंह असेच असतात.

दुसऱ्याची गोष्ट आणखी विलक्षण आहे. पॅटरसनने अडीचशे पौंड वजनाच्या अर्ध्या रुळाला तीन शेळ्या बांधल्या, तर सिंहाने त्या रुळासकट फरफटत नेल्या. अखेर २८ डिसेंबरच्या रात्री पॅटरसन आणि त्याचा बंदूकवाहक माहिना आळीपाळीने जागत झाडावरच्या मचाणावर बसले. पहाटे सिंह आला, गोळी लागली. पण तो जखमी होऊन झुडपांत पळाला. जखमी जनावर मागे सोडणे म्हणजे शंभर मजुरांच्या जिवाशी खेळणे. उजाडताच दोघे मागावर निघाले. सिंहाने हल्ला केला. गोळ्या लागत होत्या तरी तो थांबेना. पॅटरसनने दुसरी बंदूक घ्यायला हात मागे केला, तर माहिना ती घेऊन केव्हाच झाडावर चढला होता! पॅटरसनही झाडावर चढला. सिंहाचा मागचा पाय मोडला होता म्हणून तेवढा वेळ मिळाला. वरून गोळी घालताच सिंह कोसळला. पॅटरसन घाईने खाली उतरला आणि सिंह पुन्हा उठून धावला. शेवटच्या गोळ्यांनी तो पाच-सहा पावलांवर मरून पडला. हा दिवस २९ डिसेंबरचा.

मजूर परतले. १८९९ च्या आरंभी पूल पुरा झाला. ज्या मजुरांत त्याचे शत्रू होते, त्यांनीच वर्गणी काढून ३० जानेवारी १८९९ रोजी त्याला चांदीचे एक पात्र भेट दिले. रोशन नावाच्या मिस्तरीने या प्रसंगावर हिंदुस्थानी भाषेत एक दीर्घ कविता रचली. मजुरांच्या बाजूचा काही आवाज आज ऐकू येत असेल तर तो या कवितेतच.

पुढचे आयुष्यही घडामोडींनी भरलेले होते. तो बोअर युद्धात लढला. १९०७ साली त्याचे त्सावोच्या नरभक्षकांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो पूर्व आफ्रिकेत शिकार-नियमनाचा अधिकारी झाला. म्हणजे शिकारी आता शिकारीचा कायदा सांभाळू लागला. तेथे शिकारीला परवाना लागे. कोणते जनावर किती मारायचे याची मर्यादा ठरलेली असे. दक्षिणेकडील राखीव क्षेत्राची एक हद्द बऱ्याच अंतरापर्यंत हा लोहमार्गच होता. ज्या रुळाच्या कडेला त्याने सिंह मारले, तोच रूळ पुढे जनावरांना अभय देणारी रेषा ठरला. मात्र १९०८ साली त्याच्याबरोबर सफरीवर असलेल्या एका पाहुण्याचा तंबूत गोळी लागून मृत्यू झाला, त्यावरून बराच गवगवा झाला आणि १९०९ साली त्याने ते पद सोडले. त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. पण डाग राहिला. पहिल्या महायुद्धात त्याने ज्यू सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व केले. १९४७ साली कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

त्या दोन सिंहांची कातडी सुमारे पंचवीस वर्षे त्याच्या घरी गालिच्यासारखी पडून होती. नंतर शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने ती ५,००० डॉलरना विकत घेतली आणि पेंढा भरून मांडली. पॅटरसनने पुस्तकात २८ हिंदी मजूर आणि त्याखेरीज कित्येक आफ्रिकी माणसे बळी पडल्याचे लिहिले होते. पुढे त्याने हा आकडा १३५ सांगितला. सिंहांच्या केसांचे व हाडांचे रासायनिक परीक्षण करून शास्त्रज्ञांनी २००९ साली अंदाज मांडला की सुमारे ३५ माणसे खाल्ली गेली असावीत. एका सिंहाचा सुळा मोडलेला व जबडा सडलेला होता, हेही आढळले. त्यातच १८९० नंतरच्या गुरांच्या साथीत तिकडची गुरे आणि रानरेडे फार मोठ्या प्रमाणावर मेले होते. सिंहांना भूत वा राक्षस समजणाऱ्या मजुरांना हे कारण ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

आज काळ पालटला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. माणसाच्या जिवाला धोका असलेले जनावर मारायचे तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा कारणांसह लेखी आदेश लागतो. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे. आता रुळाजवळ धोका आहे तो जनावरांना. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१८ साली वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातून २०१७ साली नवा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा हत्तींना पलीकडे जाता यावे म्हणून त्याखाली मोठाल्या वाटा ठेवाव्या लागल्या.

मग नऊ महिने का लागले, या प्रश्नाचे उत्तर काय? नेमबाजी पॅटरसनला येतच होती. त्याला शिकावे लागले ते थांबणे. दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, गोळीच्या पलीकडे कोण आहे ते आधी पाहायचे, सुरक्षित जागा सोडायची नाही, पहाऱ्यावर झोपायचे नाही, हत्यार तपासायचे, आणि जखमी जनावर दुसऱ्याच्या माथी मारून परतायचे नाही. हे सारे नियम त्याला माणसांच्या जिवाची किंमत देऊन कळले. त्या माणसांपैकी उंगनसिंगासारख्या एखाद्याचेच नाव राहिले. बाकीच्यांची नावे त्सावोच्या काटेरी झुडपांत हरवली. शिकागोच्या काचेआड सिंह उभे आहेत, पुस्तकात पॅटरसन आहे. मजुरांनी घातलेल्या मार्गावरून मात्र गाड्या शंभराहून अधिक वर्षे धावत राहिल्या, आणि मला वाटते, तेच त्यांचे स्मारक.